बुजवलेली फट

साबण घ्यायला म्हणून ती दुकानात शिरली होती. रोजचंच दुकान, रोजच्याच फळ्या, डोक्यावर गुरगुरणारा तोच पंखा. मधल्या रांगेतून जाताना हात सवयीनं टूथपावडरच्या डब्याकडे गेला, डबा टोपलीत पडला, आणि थोडं पुढे गेल्यावर ती एकदम थबकली. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. काय चुकलं ते कळेना. तिनं डबा पुन्हा हातात घेतला. डब्यावरची मुलगी नेहमीसारखीच मान तिरकी करून हसत होती. तीच खांद्यावरून पुढे आलेली वेणी, तीच गोल कॉलर, तोच पिवळा फ्रॉक. पण वरच्या ओळीत समोर, डावीकडे जी काळी फट असायची, ती नव्हती. तिथे दात होता. स्वच्छ, चौकोनी, शेजारच्या दाताची नक्कल केल्यासारखा दात. भिंतीतलं भोक लांबी भरून बुजवावं तशी कुणीतरी फट बुजवली होती. तिनं फळीवरचा दुसरा डबा पाहिला, तिसरा पाहिला, मागे हात घालून अगदी भिंतीलगतचा ओढून काढला. सगळ्यांना दात आले होते.

"काय शोधताय मावशी?" शिडीवर चढून माल लावणाऱ्या माणसानं वरूनच विचारलं.

"हिचा दात…" ती म्हणाली आणि थांबली.

त्यानं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नवीन पॅकिंग आलंय. आतला माल तोच आहे, घ्या बिनधास्त."

आतला माल तोच. घरी येईपर्यंत ते शब्द तिच्या डोक्यात खडखडत राहिले. साबण राहूनच गेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं नवा डबा ठेवला आणि बेसिनवरचा अर्धा संपलेला जुना आणून त्याच्याशेजारी ठेवला. चाळीस वर्षं तिनं जाहिरातींसाठी चित्रं काढली होती. नजर अजून शाबूत होती. एकट्या दातावर भागलं नव्हतं. नाक किंचित सरळ केलं होतं. गालावरचा उन्हानं रापलेला रंग उजळला होता. कपाळावरच्या सुटलेल्या केसांच्या तीन बटा, ज्या तिनं बारीक ब्रशनं श्वास रोखून काढल्या होत्या, त्या चापूनचोपून बसवल्या होत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बुबुळातला पांढरा ठिपका मधोमध आणला होता. जुनी मुलगी कुणाकडे तरी बघून हसत होती. नवी मुलगी हसत होती, पण कुणाकडेच बघत नव्हती. जुनी कुणाकडे बघत होती हे साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होतं. ती तिच्याकडेच बघत होती. आईकडे.

कारण ती तिची मुलगी होती. घरात तिला छबू म्हणत. छबूचा दात पडला त्या दिवशी ती कंपनीतून डोकं धरून घरी आली होती. कंपनीच्या कला विभागात दहाबारा चित्रकार लांबलचक टेबलांवर ओणवे होऊन बसत. कागद चिकटवायच्या रबर सोल्युशनचा वास, पोस्टर कलरच्या बाटल्यांची सुकलेली तोंडं, आणि मागून फिरणारे विभागप्रमुख. नव्या टूथपावडरसाठी चेहरा हवा होता, आणि सगळेजण मोत्यासारख्या दातांच्या बायका काढून थकले होते. एकीचे दात बघून प्रमुख म्हणाले होते, "ही हसत नाहीये, चावायला येतेय." संध्याकाळी ती घरी आली तर छबू दारातच उभी, ओठ फाकवून, त्या खिंडारातून जीभ बाहेर काढून दाखवत. सकाळी होता, आता नाही, आणि त्या नसण्याचा केवढा अभिमान! तिनं पिशवीही खाली ठेवली नाही. जेवणाच्या टेबलावर कागद ओढला. "हलू नकोस. हस. नाही नाही, असं नको, मघासारखं." पेन्सिल आपोआप चालली. असं तिच्या हातून आयुष्यात दोनतीनदाच झालं असेल. एरवी सगळं घासून, पुसून, पुन्हा काढून. दुसऱ्या दिवशी प्रमुख म्हणाले, "दात पडलेली मुलगी, टूथपावडरवर? डोकं ठिकाणावर आहे ना?" पण नेमके मोठे साहेब तिथून चालले होते. ते थांबले, चित्राकडे बघून मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "हीच." वर्षभरात ती मुलगी भिंतींवर, बसवर, दुकानांच्या पाट्यांवर, सगळीकडे झाली. नवरा तेव्हा होता. तो म्हणायचा, "घरात एक सांभाळता नाकी नऊ येतात, आणि तू लाखभर करून ठेवल्यास." तिला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. नाव कुठेच छापलं गेलं नाही, छापायची रीतच नव्हती. तिनंही कधी मागितलं नाही. पण परक्या गावात, परक्या घरात पाहुणी म्हणून गेली की तोंड धुताना बेसिनवर ती मुलगी दिसायची, आणि मग तिला त्या घरात परकं वाटेनासं व्हायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि वर 'माल तोच' म्हणून सांगत होतं.

वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं; खालच्या यंत्रांची घरघर फरशीतून पायांना लागायची. वकीलबाई वयानं लहान होत्या, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं चटपटीत. नाव, चित्रं, शोध अशा डोक्यातून निघणाऱ्या मालमत्तेचीच कामं त्या बघत. तिनं दोन्ही डबे टेबलावर ठेवले. वकीलबाईंनी जुना उचलला, फिरवून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या सुगरणीच्या चेहऱ्यावर यावा तसा आनंद आला.

"काकू, हा तुम्हाला एक डबा दिसतो. कायद्याला हे अख्खं बिऱ्हाड दिसतं. एकेका वस्तूचा मालकी हक्क वेगळा, आणि एकेकाचं आयुष्य वेगळं." त्यांनी झाकण पिळलं, भोकं उघडली, मिटली. "हे फिरणारं झाकण. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली नवी युक्ती, म्हणून पेटंट. वीस वर्षं दुसऱ्या कुणी बनवायचं नाही. पण त्याच्या बदल्यात युक्ती जगाला उघड करून सांगावी लागते. वीस वर्षं सरली, आता कुणीही बनवा. डब्याचा हा कमरेत बसका आकार, ते डिझाइन. नोंदणी केली की दहा वर्षं, वाढवून पंधरा. तेही संपलंय. आतली पावडर कशी करतात, ते त्यांनी कुठेच नोंदवलं नसणार. ते व्यापाराचं गुपित. झाकून ठेवता येईल तोवर त्यांचं, फुटलं की गेलं."

"आणि ही?" तिनं बोट ठेवलं.

"ही दोनदा आहे. चित्र म्हणून कॉपीराइट. आणि कंपनीची ओळख म्हणून ट्रेडमार्क. कॉपीराइट चित्रकार असेपर्यंत, आणि नंतर साठ वर्षं."

"म्हणजे माझ्यानंतर साठ वर्षं?"

"हो. हक्क कंपनीचा असला तरी मोजायचं तुमच्या आयुष्यावरून."

ती जरा हसली. कुठल्याशा कपाटात तिच्या मरणाची वाट बघत एक घड्याळ बंद करून ठेवलंय, असं तिला वाटलं. "आणि ते दुसरं? ट्रेडमार्क?"

"त्याला मरण नाही. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं की झालं. दोनशे वर्षं चालेल."

दोनशे वर्षं. छबू नसेल, छबूची मुलं नसतील, आणि सहा वर्षांची छबू कुठल्यातरी फळीवर हसत असेल. या विचारानं तिला आधी समाधान वाटलं आणि लगेच, का कोण जाणे, अंगावर काटा आला. वकीलबाई पुढे बोलत होत्या. चित्र नोकरीतलं काम म्हणून काढलेलं, वेगळा करार नाही, म्हणून ते मालकाचं.

"पण मी घरी काढलं. जेवणाच्या टेबलावर."

"पगार त्यांचा, काम त्यांचं. टेबल कुणाचं ते कोर्ट विचारत नाही काकू."

"कल्पना तर माझी होती ना? दात पडलेल्या मुलीची?"

"कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. उद्या दुसरं कुणीही दात पडलेली मुलगी काढू शकतं. हक्क असतो तो तुम्ही ती जशी काढलीत त्यावर. या रेषेवर." आणि मग वकीलबाई पुढे झुकल्या. "पण एक धागा आहे. बारीक आहे, पण आहे. हक्क विकला, दिला, गमावला, तरी कर्ता तो कर्ताच राहतो. 'हे मी केलं' असं म्हणायचा अधिकार कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि तुमच्या कामाची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला धक्का लावला, तर हरकत घेण्याचा अधिकारही तुमचाच. सिद्ध करणं कठीण आहे. पण नोटीस पाठवायला पुरेसं आहे."

कर्ता. शाळेतल्या व्याकरणानंतर तो शब्द तिनं आज ऐकला होता. जिना उतरताना ती तो मनात घोळवत होती. कर्ता मी. क्रियापद, काढणे. कर्म कोण हे तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

नोटीस गेली. आठवड्याभरानं वकीलबाईंचा फोन आला, की ते विचारतील, चित्र तुमचंच कशावरून? तुमच्या मुलीचं प्रतिज्ञापत्र जोडू या, ती मुलगी मीच आणि आईनं मला समोर बसवून काढलं, एवढंच. लहानपणीचा एखादा फोटोही द्या. हे तर हातचंच काम होतं. दुपारीच ती छबूकडे गेली. छबू पोहायला शिकवायची. उंच छपराखालचा बंदिस्त तलाव, निळ्या फरशीवर हलणारा उजेड, नाकात शिरणारा क्लोरिनचा वास. काठाला धरून मुलांची रांग पाय आपटत होती आणि त्यांच्या किंकाळ्या छताला आपटून दुप्पट होऊन खाली येत होत्या. छबू काठावरून चालत होती, गळ्यात शिट्टी, दंड भरलेले, केस आखूड. दुरून बघताना तिला क्षणभर वाटलं, ही कोण बाई? चाळिशीला टेकलेली ही बाई, आणि पिशवीतल्या डब्यावर आहे ती.

"आई? तू इथे? बरं आहे ना सगळं?" छबू टॉवेल खांद्यावर टाकत आली.

तिनं नवा डबा पुढे केला. छबूनं तो ओल्या हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग ती हसली. नेहमीसारखी, तोंडावर तळवा आडवा धरून. "बदलला म्हणजे. एकदाचा."

"एकदाचा?"

"छान केलंय की."

"छान? अगं, वाट लावलीय चित्राची! मी नोटीस पाठवलीय त्यांना." आणि तिनं भराभर सगळं सांगितलं, वकीलबाई, तो बारीक धागा, कर्ता, प्रतिज्ञापत्र. बोलता बोलता तिनं पिशवीतून कागद काढला. छबूनं तो घेतला नाही. हात ओले आहेत म्हणून घेत नसेल असं तिला वाटलं.

"मी सही नाही करणार आई."

"अगं, एवढंच तर लिहायचंय, की ती मुलगी तू आहेस."

"तेवढंच तर नाही लिहायचंय मला." छबूचा आवाज चढला नाही. काठावरच्या एका मुलीला तिनं खुणेनं 'गुडघे सरळ' असं सांगितलं आणि पुन्हा इकडे वळली. "शाळेत मला काय म्हणायचे, आठवतंय?"

"खिंड. पोरं चिडवतातच गं."

"दात आल्यावरही खिंड. कॉलेजात खिंड. लग्न ठरलं तेव्हा यांच्या आत्यानं विचारलं, डब्यावरची तीच का ही? घोड्याचे बघतात तसे माझे दात बघायचे तेवढे बाकी ठेवले होते."

"तू कधी बोलली नाहीस."

"आणि तो कंपनीचा समारंभ? मी आठ वर्षांची होते."

तो तर तिला चांगला आठवत होता. मोठ्या मंचावर माणसाच्या उंचीचा डबा, त्याच्याशेजारी पिवळ्या फ्रॉकमधली छबू. तोवर छबूचा दात आला होता, म्हणून निघायच्या आधी आरशासमोर तिनं बारीक ब्रशनं त्या दातावर काळा रंग लावला होता. "किती हसलो होतो आपण दोघी!"

"तू हसलीस. मी तोंड उघडं ठेवून बसले होते." छबू डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. "रंग कडू होता. जीभ लावू नकोस म्हणालीस, तर अख्खा कार्यक्रम मी जीभ मागे ओढून बसले. बोललेही नाही, पुसेल म्हणून. आणि तुझे ते साहेब माझी हनुवटी धरून म्हणाले, आता दात आला, आता ही काय कामाची? सगळे हसले. तूही हसलीस आई."

"साहेब होते ते. हसावं लागतं."

"हो ना. मलाही तेच कळलं तेव्हा. हसावं लागतं." तलावात कुणीतरी खाकरत, पाणी थुंकत वर आलं, छबूनं तिकडे पाहिलं, बरं आहे ना याची खात्री केली. "चित्र सुंदर होतं तुझं. खरंच सांगते. पण मी दुसऱ्याच्या घरी गेले ना, की आधी बेसिनवरचा तो डबा भिंतीकडे वळवून ठेवायचे. आता दात भरला त्यांनी. आता ती कुणीही आहे. मी नाहीये. तू म्हणतेस वाट लावली. मला वाटलं, सुटले."

"मला काय स्वप्न पडणार होतं, तुला असं वाटतं म्हणून?"

"विचारलं असतंस तर?"

"सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"सोळा वर्षांच्या पोरीला विचारायचं मग. छत्तीस वर्षांच्या." छबूनं डबा तिच्या हातात दिला, शिट्टी ओठांना लावली, आणि ती पाण्याकडे गेली.

परत येताना बसमध्ये तिला आधी नुसता राग आला. एवढी वर्षं पोटात ठेवायचं आणि ऐन वेळी तोंडावर फेकायचं! जिच्यासाठी मी एवढी रक्ताचं पाणी करून राबले, तिनं माझ्यासाठी एक सही करू नये? पण राग नीट पेटेना. ओल्या लाकडासारखा नुसताच धुमसू लागला. तिला ती आरशासमोरची दुपार पुन्हा पुन्हा दिसत होती आणि दर वेळी तिच्यातला छबूचा चेहरा धूसर होत होता. स्वतःचं हसू ऐकू येत होतं. ब्रशचं टोक दिसत होतं, त्या टोकावरचा रंगाचा थेंब, कोपऱ्यात जराही न सांडता भरलेला दात. दात तिला आठवत होता. चेहरा नाही. छबूचा सहा वर्षांचा चेहरा आठवायला गेली तर समोर यायचा तो डब्यावरचाच. मान तिरकी, तीन बटा, पांढरा ठिपका. त्याच्याआधीचा, त्याच्यानंतरचा, रडणारा, झोपलेला, तापानं फणफणलेला कुठलाच चेहरा येईना. स्वतःच्या पोरीवर तिनं स्वतःच्याच हातांनी लेबल चिकटवलं होतं की काय, आणि ते इतकं घट्ट बसलं होतं, की आता नखानं खरवडूनही निघत नव्हतं. तिनं घाबरून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर माणसं चालली होती, प्रत्येकाला चेहरा होता, आणि तो कुणाचा हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नव्हता. संध्याकाळी तिनं वकीलबाईंना फोनवर विचारलं, चेहऱ्यावर कुणाचा हक्क असतो? वकीलबाई म्हणाल्या, काढलेल्या चेहऱ्यावर की असलेल्या? मग म्हणाल्या, असलेल्याचं अजून नीट ठरलेलं नाही काकू, कोर्टं चाचपडतायत. सही मिळाली का? ती म्हणाली, मिळेल. असं ती का म्हणाली ते तिला कळलं नाही.

सहीवाचूनच कंपनीचं बोलावणं आलं. जुनी इमारत कधीच विकली होती. आता काचेच्या एका उंच इमारतीत त्यांचा मजला होता. बैठकीच्या खोलीत गारठा होता आणि कुठलाच वास नव्हता. विभागप्रमुख छबूपेक्षाही लहान, गोड बोलणारा. त्यानं उठून तिला खुर्ची दिली. "मॅडम, आम्हाला ठाऊकच नव्हतं हो हे चित्र कुणाचं. तुम्ही म्हणजे आमच्याकडची दंतकथा!" आणि स्वतःच्या कोटीवर तो मनापासून हसला. तीही हसली, हसावं लागतं, असं तिच्या मनात आलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं. भांडायला कुणी बसलंच नव्हतं. नवा चेहरा लोकांना तितकासा आवडला नव्हता. तेव्हा जुनी मुलगी परत आणायची, तिची फट, तिच्या बटा, सगळं होतं तसं. आणि चित्राखाली, डब्याडब्यावर, चित्रकार म्हणून तिचं नाव. मात्र तिनं नोटीस मागे घेऊन हो म्हटलं, तरच. त्यानं नमुना समोर सरकवला. तिचं नाव छापलेलं होतं. अक्षरं छोटी होती, पण वळणदार होती, नीट बसवलेली. तिनं टेबलाची कड धरली. हे तिला हवं होतं. कधीच मागितलं नव्हतं, पण हवं होतं; खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हवं होतं, नवऱ्याच्या विनोदावर हसताना हवं होतं. वकीलबाईंनी टेबलाखालून तिचा हात दाबला.

"आणि एक छोटीशी फिल्म करू," तो सांगत होता. "आई आणि मुलगी. त्या आज कशा दिसतात, लोकांना बघायला फार आवडेल. त्या येतील ना?"

"तिची परवानगी?" ती म्हणाली.

"फिल्मसाठी घेऊच."

"डब्यासाठी?"

कंपनीचे वकील, पांढऱ्या मिशांचे, त्याच्या शेजारी बसले होते. ते समजूतदारपणे म्हणाले, "त्याची गरज नाही बाई. तेव्हा त्या अज्ञान होत्या. पालक तुम्हीच. चित्र तुम्ही काढलंत, तुम्हीच आणून दिलंत. संमती त्यातच आली."

अज्ञान. वयात न आलेल्याला कायदा असंच म्हणतो हे तिला माहीत होतं. तरी तो शब्द ऐकून तिला दारात उभी राहून जीभ दाखवणारी ती मुलगी दिसली, आणि या खेपेला, कितीतरी दिवसांनी, डब्यावरची नव्हे. हलणारी. हिच्याकडून आपण काय घेतलं ते आपल्याला तरी कुठे ठाऊक होतं? त्या घरात तेव्हा अज्ञान नेमकं कोण होतं? तिनं नमुना परत सरकवला. "मला नको," ती म्हणाली. "नवीन चेहराच राहू दे. दात आहे ते बरं आहे."

बाहेर आल्यावर वकीलबाईंचा संयम सुटला. "काकू, हातातोंडाशी आलेला घास! मला निदान आधी सांगायचंत तरी." लिफ्टसाठी न थांबता ती जिन्यानं उतरू लागली. तिला हलकं वाटत होतं, अगदी पिसासारखं. एखादी मोठी, चांगली गोष्ट आपल्या हातून होऊन गेली आहे आणि आता फक्त ती सांगायची बाकी आहे, असं. मधल्याच एका वळणावर, खिडकीशी थांबून तिनं छबूला फोन लावला.

"मी नको म्हणून आले," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. जुना चेहरा परत येणार होता, खाली तिचं नाव येणार होतं, आणि तिनं ते सारं तिथल्या तिथे नाकारलं होतं.

पलीकडे मुलांचा गोंगाट होता, तो दार लागल्यासारखा एकदम कमी झाला. मग छबू म्हणाली, "तुझं नाव छापणार होते? डब्यावर?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"तुझ्यासाठी गं. म्हटलं, नको आता पुन्हा तेच."

"मला विचारलंस?"

"अगं, तूच तर त्या दिवशी म्हणालीस—"

"त्या दिवशी तू सही मागायला आली होतीस. विचारायला नव्हतीस आली." छबूचा श्वास ऐकू येत होता, चालत असल्यासारखा. "तुझं नाव येणार होतं आई. मी कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं. पण ते मी म्हटलं असतं ना. हो पण तूच म्हणणार माझ्या वतीनं आणि नाही पण तूच."

तिला काय काय म्हणायचं होतं. की मी तुझ्या भल्यासाठीच, की आईला एवढाही हक्क नाही का, की तुझ्यासाठी काय सोडून आले हे तुला कळणार नाही. सगळी वाक्यं तयार होती, घासूनपुसून ठेवलेली. खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीला बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर दोन माणसं दोर ओढत होती, आणि त्यांचं काम पुढे सरकत होतं. वरून वकीलबाईंच्या चपलांचा आवाज येत होता. त्या उतरत होत्या, थांबत होत्या, कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. बहुधा कंपनीशीच; त्या देकाराचं दार अजून बंद झालं नव्हतं. ती भिंतीला टेकली.

"छबू," ती म्हणाली, "तुझा चेहरा त्या डब्यावर असलेला तुला चालेल का?"

एवढंसं वाक्य. ते उच्चारताना तिची जीभ अडखळली, नवी भाषा शिकताना अडखळावी तशी.

"मला विचार करायला वेळ हवाय," छबू म्हणाली.

"घे ना."

"पुष्कळ लागेल कदाचित."

"लागू दे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही," ती म्हणाली. पण ते म्हणायला तिला वेळ लागला, आणि तो वेळ फोनच्या दोन्ही बाजूंना ऐकू आला.